लाभाचं माप

घोडपदेवच्या बैठ्या चाळीत गुणाजीच्या घरची चूल तीन महिन्यांत तीन दिवस थंड राहिली होती, आणि तिन्ही दिवस त्याची बायको सुभद्रा तोंड फुगवून बसली होती. एकादशी असती तर तिची तक्रार नव्हती. पण नवरा परसात बसून कुणा शेठच्या बंदुकीची काडतुसं भरणार, म्हणून आपण पहाटे भात रांधून विस्तव विझवायचा, निखाऱ्यांवर पाणी ओतायचं आणि दिवसभर गारढोण जेवायचं, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. शेजारणींना काय सांगावं हा आणखी एक घोर. गुणाजी घरी दारू भरतो, एवढं अर्धवट ऐकून पलीकडच्या खोलीतला गणपत एकदा रिकामी बाटली घेऊन दारात उभा राहिला होता. ही दारू प्यायची नव्हे, उडवायची, हे त्याला समजावताना सुभद्रेला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुणाजी मूळचा मापारी. दाणाबंदरावर वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचा भात नि नाचणी मोजली. लाकडी पायली भरायची, वरून पट्टी फिरवून सपाट करायची, ओतायची आणि सुरात आकडा म्हणायचा. त्याच्या मापावर ना घेणाऱ्यानं कधी बोट ठेवलं, ना देणाऱ्यानं, आणि याचा त्याला इतका गर्व होता की चारचौघांत बसला की पाचव्या वाक्याला तो तिथंच यायचा. पुढं व्यापाऱ्यांनी वखारीत मोठाले काटे टांगले, धान्य गोणीगणिक तोललं जाऊ लागलं आणि मापारी घरी बसले. गुणाजीला भायखळ्याला मंचेरजी शेठच्या बंगल्यावर गड्याचं काम मिळालं. काम बरं होतं, शेठही बरा होता. पण फुलदाण्या पुसताना आपले हात फुकट चालले आहेत असं गुणाजीला रोज वाटायचं.

मंचेरजी शेठचा इमारती लाकडाचा व्यापार. त्यासाठी कसाऱ्याकडच्या रानात त्यांच्या खेपा व्हायच्या, आणि रानात जायचं तर रायफल हवीच, असं ते म्हणायचे. परवाना होता, हौस होती, फक्त काडतुसं विलायतेहून यायची तेव्हा बोटीवर महिने जायचे. म्हणून त्यांनी काडतुसं घरीच पुन्हा भरायचं सामान मागवलं. एकदा उडालेलं पितळेचं काडतूस फेकायचं नाही. त्याला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत बंदुकीची दारू मापानं घालायची, वर पुठ्ठ्याची चकती दाबायची आणि तोंडाशी शिशाची गोळी बसवायची. सामान आलं, सोबत छापील पुस्तक आलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की घरातला विस्तव आधी विझवा. तिथंच घोडं अडलं. पारशाच्या घरचा अग्नी विझत नाही. शेठच्या आईनं, मायजीनं, चुलीपुढं उभं राहून स्वच्छ सांगितलं, "तारी बंदूक जाय दर्यामां. आतश नाही विझणार."

तेव्हा शेठला गुणाजीचा मापारी हात आठवला, आणि त्याच्या घरची विझवता येणारी चूल. एका रविवारी बागेत बसून त्यांनी त्याला पुस्तक वाचून दाखवलं, हातानं करून दाखवलं, आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. दारू घालायची राहिली तर नुसत्या टोपीच्या धक्क्यानं गोळी नळीत मध्येच अडकते. शिकाऱ्याला वाटतं बार फुकट गेला, तो घाईनं दुसरं काडतूस घालतो आणि घोडा ओढतो. मग नळी फाटते ती त्याच्या तोंडावर. गुणाजीनं मान डोलावली. भरलेलं माप, वरून पट्टी, सपाट. हे त्याला कुणी शिकवायची गरज होती का?

तरी पहिल्या खेपेला तो भीत भीतच बसला. डझनभर काडतुसं होती. शाळेतल्या पोरासारखं त्यानं 'एक, दोन' म्हणत ती भरली. दुसऱ्या खेपेला दोन डझन झाली, तीही तशीच भीतभीत. सुभद्रेला त्यानं मदतीला बसवलं होतं. प्रत्येक मापाला एक चिंचोका वाटीत टाकायचा आणि दारू पडली की त्यावर चकती दाबायची, हे तिचं काम. चकतीला लावायचं मेण मधमाशीचं आहे, कसलीही चरबी नाही, हे तिनं आधी तीनदा विचारून घेतलं. त्यानं तिला एकच नियम घालून दिला. काम चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. मोजणी चुकते. एकदा ती फक्त "अवो, मुंगळा" म्हणाली, तर त्यानं अशी नजर टाकली की मुंगळा तिला चावला तरी ती पुढं बोलली नाही.

दोन्ही खेपांची काडतुसं शेठनं रानात उडवली आणि एकही फुकट गेलं नाही. गुणाजीची छाती फुगली. फुलदाण्या पुसतानासुद्धा तो आता गुणगुणायचा. आपण भरलेल्या काडतुसाचा आवाज कसा असतो हे मात्र त्यानं कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ऐकायची इच्छाही नव्हती. दिवाळीत लवंगी फुटली तरी तो दचकणारा माणूस.

तिसरी खेप बुधवारी झाली, चाळीसची. कसाऱ्यापलीकडच्या एका पाड्यावर बिबळ्यानं आधी शेळ्या आणि मग पाण्याला गेलेली एक बाई उचलली होती. शेठची लाकूडतोडी माणसं रानात पाऊल टाकेनात. शेठ शुक्रवारी दुपारच्या गाडीनं निघणार होते. चाळीस काडतुसं लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत ओळीनं उभी राहिली, सुभद्रा वाटी घेऊन बसली, आणि गुणाजी मोठ्या समाधानानं मापाला हात घालून कामाला लागला. आता भीती उरली नव्हती. दुपारपर्यंत काम झालं. वाटीत चाळीस चिंचोके, ठोकळ्यात चाळीस काडतुसं. पिशवीत भरून त्यानं ती शेठला नेऊन दिली आणि त्या दिवशी तो छान घोरला.

शुक्रवारी त्याला सुट्टी होती. सकाळी अकराच्या सुमारास सुभद्रेचा चुलतभाऊ कुशाबा बोटीवरून उतरून थेट दारात आला, पाठीवर गावच्या तांदळाचं पोतं घेऊन. अर्धा तांदूळ इथं ठेवायचा, अर्धा तो काळाचौकीला आपल्या घरी नेणार होता. गुणाजीनं चटई पसरली, रास ओतली, घरातलं शेराचं माप उचललं. किती दिवसांनी धान्य मोजायचा योग आला होता. माप भरलं, पट्टी फिरवली, सुरात म्हटलं, "लाभ."

आणि ते माप त्यानं पुन्हा राशीवरच ओतलं.

हा दाणाबंदरचा रिवाज. मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. त्याच्या पेढीवर तर लाभाचं माप राशीलाच परत जायचं, रास आटू नये म्हणून. ते मोजणीत धरायचं, पुढचं माप 'दोन' म्हणून घेणाऱ्याच्या पोत्यात टाकायचं, आणि सगळं मोजून झालं की शेवटी एक माप वर घालून मेळ जमवायचा. वीस वर्षं गुणाजीचा हात असाच चालला होता. त्याला विचार करावा लागत नव्हता.

"दोन," तो म्हणाला, आणि माप हवेतच राहिलं. बुधवारी आपण काय म्हणालो होतो? बुधवारी भीती नव्हती. बुधवारी आपण 'एक' म्हणालो नव्हतो.

"काय वो, थांबलात का?" सुभद्रेनं विचारलं.

त्यानं माप खाली ठेवलं. तांदूळ चटईवर सांडला तरी त्याचं लक्ष नव्हतं. "बुधवारी मी पहिलं माप घेतलं तेव्हा काय म्हटलं गो?"

"लाभ म्हटलात. बरं वाटलं कानाला."

"आणि तू चिंचोका टाकलास?"

"टाकला तर. प्रत्येक मापाला टाकायचा म्हणून तुम्हीच सांगितलंत."

"ते माप गेलं कुठं? काडतुसात गेलं, का डब्यात परत गेलं? शेवटी वरचं माप तर मी घातलं नाही."

सुभद्रेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "ते मी नाही बघितलं. पण पहिल्या काडतुसात चकती दाबताना ती खाली गेली. बाकीच्यांत वरच थांबत होती. पहिलीच ती खोल गेली."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचं नाही म्हणून कोण म्हणालं होतं?"

कुशाबा बिचारा एकदा बहिणीकडं, एकदा तांदळाकडं बघत राहिला. गुणाजी उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. रागवावंसं वाटत होतं आणि रागवायला स्वतःशिवाय कुणी नव्हतं. गाडी सुटायला अजून अडीच तास होते. शेठ घरी असेल. जाऊन सांगायचं, की ज्याच्या मापावर वीस वर्षं कुणी बोट ठेवलं नाही तो गुणाजी एका काडतुसात दारू घालायला विसरला. उद्यापासून ते काम गेलं, कदाचित बंगल्याचंही गेलं. आणि नाही सांगायचं, तर चाळिसात एक. शेठ काय चाळीसच्या चाळीस उडवणार आहे? बिबळ्याला दोन बार पुरतात. ते एक पिशवीच्या तळाशीच राहील आणि पुढच्या खेपेला आपण ते गुपचूप उघडून भरू. कुणाला कळणार आहे?

हा विचार त्याला इतका पटला की तो मिनिटभर चटईवर बसलासुद्धा. त्यानं माप हातात घेतलं. पण ते राशीत जाईना. त्याच्या डोळ्यांपुढं शेठ रायफल खांद्याला लावून उभे होते, समोर बिबळ्या, आणि घोडा ओढल्यावर नुसता 'टक्' असा आवाज. मग शेठ घाईनं दुसरं काडतूस घालतात. गुणाजीनं डोळे मिटले तरी ते दिसायचं थांबेना. लाभ म्हणून माणसाचा जीव घ्यायचा का? त्याला स्वतःची किळस आली, आपण मिनिटभर तरी बसलोच कसे याची.

"मोज तू," त्यानं कुशाबाच्या हातात माप कोंबलं. "आणि एकापासून मोज."

घोडपदेव ते भायखळा म्हणजे काही पल्ला नव्हे, पण त्या दिवशी रस्ता लांबला. वाटेत बैलगाड्यांनी कोंडी केली होती. गिरणीचा भोंगा झाला तेव्हा तो चक्क पळायला लागला. चाळिशी उलटलेला माणूस, डोक्याला पागोटं नाही, धोतर सावरत धावतो आहे, लोक बघत होते. सांगायची वाक्यं तो मनात जुळवत होता आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सुभद्रेचं नाव येत होतं. चकती तिनं दाबली. तिला कळलं होतं. ती बोलली नाही. तसं पाहिलं तर खोटं काहीच नव्हतं त्यात.

बंगल्यापुढं घोडागाडी उभी होती, रायफलीची लांबट पेटी आत चढली होती. मंचेरजी शेठ पायरीवर बूट घालत होते. गुणाजीनं दम न घेता सांगून टाकलं. लाभाचं माप, डब्यात परत गेलेली दारू, खोल गेलेली चकती, सगळं. शेठचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"चकती कोणी दाबला?"

"बायकोनं."

"तिला समजला नाय?"

इथं गुणाजी अडला. वाटेत जुळवलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. "समजलं होतं शेठ," तो म्हणाला. "मीच तिला बोलायची बंदी केली होती. तिचा दोष नाही."

शेठनं पिशवी उचलली, साखळीचं घड्याळ काढून बघितलं आणि गुणाजीला गाडीत ढकललं. दिसायला सगळी काडतुसं सारखीच. आता तोलूनच बघायला हवं होतं, आणि स्टेशनाच्या वाटेवर तुळशीदास सोनाराचं दुकान होतं.

तुळशीदास सोनार बागेसरीच्या शेगडीपुढं नळी फुंकत बसला होता. गुणाजीनं आत शिरताच त्याच्या पेटलेल्या शेगडीत पाण्याचा तांब्या रिकामा केला. सोनार शिव्या देणार, तोवर मागून शेठ आले आणि शिव्या त्याच्या तोंडातच राहिल्या. सोनं तोलायचा काटा पुढं आला. एका पारड्यात एक काडतूस कायम ठेवायचं आणि दुसऱ्यात एकेक घालून बघायचं, असं ठरलं. पहिली दोन बरोबर उतरली. तिसरं, चौथं, पाचवं. सोनाराचा हात शांत होता. गुणाजी मात्र एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता, मध्येच दारात जाऊन रस्ता बघत होता, परत येत होता. शेठनं त्याला खेकसून एका जागी उभं केलं. वीस झाली. पंचवीस झाली. आपली भीती उगीच होती की काय असं त्याला वाटू लागलं आणि तसंच असावं म्हणून त्यानं घोडपदेवाला नारळ बोलला. एकतिसावं पारड्यात ठेवलं आणि पारडं वर गेलं. थोडंथोडकं नव्हे, अर्ध्या तोळ्याहून जास्त फरक. तो लहान पोरालाही दिसण्यासारखा होता.

शेठनं खिशातल्या चाकूनं गोळी उचकटली आणि काडतूस पालथं केलं. चकती खाली पडली. दारूचा कणही पडला नाही.

सोनारानं उरलेली काडतुसं भराभरा तोलली, ती सगळी जड होती. शेठ ते रिकामं काडतूस बोटांत फिरवत राहिले. ते रागाचा शब्दही काढत नव्हते आणि गुणाजीला त्याचाच त्रास होत होता. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मोकळं वाटलं असतं.

"बाकीच्या एकोणचाळीसवर मी भरवसा ठेवू?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काट्यानं ठेवलाय, शेठ."

"मी काट्याला नाय विचारला. तुला विचारला. तिकडे झाडावर मी असेल, समोर जनावर असेल. काटा नसेल."

गुणाजीनं तोंड उघडलं. दाणाबंदरावर असता तर म्हणाला असता, माझ्या मापावर बोट ठेवून दाखवा. ते शब्द आता निघेनात. टोप्या नीट बसल्या होत्या का? गोळ्या? बुधवारचा एकेक क्षण त्यानं आठवून पाहिला आणि प्रत्येक क्षणाखाली तो निर्धास्त, गुणगुणणारा माणूस बसलेला दिसला. त्या माणसाची हमी द्यायला तो तयार नव्हता. पण ती काडतुसं पाठवायची आणि आपण घोडपदेवला जाऊन तांदूळ निवडत बसायचं, हेही त्याला जमणार नव्हतं. चार दिवस, आठ दिवस, प्रत्येक पावलाचा आवाज ऐकून दारात धावायचं, निरोप काय आला म्हणून.

"मी येतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"तुमच्याबरोबर. झाडावर तुमच्या शेजारी बसतो. काडतूस मी देईन हातात. काही बिघडलं तर नळी दोघांच्या तोंडावर फाटू दे."

शेठ हसले. कोपऱ्यातून सोनारही हसला. फटाक्याला दचकणारा, रात्री चाळीतल्या नळावरसुद्धा कंदील घेऊन जाणारा गुणाजी बिबळ्याच्या रानात निघाला, हे ज्यानं त्याला पाहिलं होतं त्याला हसू येणारच. पण गुणाजी हसत नव्हता. त्यानं एकोणचाळीस काडतुसं पिशवीत घातली, पिशवी छातीशी धरली आणि दुकानाबाहेर जाऊन गाडीत बसला. शेठचं हसू हळूहळू मावळलं. ते बाहेर आले, गाडीवानाला म्हणाले की आम्हाला स्टेशनवर सोड आणि मग घोडपदेवला जाऊन याच्या बायकोला सांग.

"तिला काय सांगू?" गाडीवानानं विचारलं.

गुणाजीनं जरा विचार केला. "सांग, ती म्हणाली ते खरं निघालं. आणि म्हणावं, आल्यावर मला वाटेल तेवढं बोल."

गाडी स्टेशनाकडं निघाली. शेठनं पाहिलं, मघापासून एका जागी न ठरणारा हा माणूस आता अगदी स्थिर बसला होता.

"भीती वाटत नाय?" त्यांनी विचारलं.

"वाटते शेठ," गुणाजी म्हणाला. "पण घरी बसून वाटली असती त्याहून कमी."